बत्तीस पानं, दोन फॉर्म

नऊ वर्षांत आमच्या टेबलानं चार पुस्तकं खेळून संपवली. जुलै २०१५ ते जून २०२४. शनिवारी संध्याकाळी सहा ते साडेनऊ, माझ्या कोथरूडच्या घरी. गणपती, लग्नसराई, मुलांच्या परीक्षा आणि आजारपणं वगळली तर महिन्याला साधारण तीन सेशन. खेळ डंजन्स अँड ड्रॅगन्स: प्रत्येकानं एकेक पात्र घ्यायचं आणि फासे टाकत सगळ्यांनी मिळून एक गोष्ट, म्हणजे मोहीम, खेळायची; ती मोहीम पुस्तकात दिलेली असते. मी डीएम (डंजन मास्टर), म्हणजे गोष्ट सांगणारा, राक्षसांच्या वतीनं फासे टाकणारा आणि पुस्तकं विकत घेणारा. खेळाडू कधी चार, कधी सहा.

याच नऊ वर्षांत, नियमांची तीन पुस्तकं सोडली तर, माझ्या कपाटात या खेळाची १६ पुस्तकं आली. चार खेळलो, बारा राहिली. त्या बारांतली पाच तर मी पहिल्या प्रकरणापुढे वाचलेलीही नाहीत. हे मला खुपतं, आणि पैशांपेक्षा कागदापायी जास्त खुपतं. मी सदाशिव पेठेतल्या एका छापखान्यात २१ वर्षं काम करतोय. छापून झालेला आणि कोणी न उघडलेला कागद माझ्या रोजच्या ओळखीचा आहे. दिवाळी अंकांचं काम ऑगस्टमध्ये सुरू होतं, दसऱ्यापर्यंत डोळ्याला डोळा लागत नाही, आणि डिसेंबर-जानेवारीत परतीचे गठ्ठे यायला लागतात. सुतळी बांधलेली तशीच, गाठसुद्धा सुटलेली नसते. ज्या कव्हरचा लाल रंग बरोबर यावा म्हणून आपण रात्री एकपर्यंत मशीनपाशी उभे होतो, तेच कव्हर रद्दीवाल्याच्या काट्यावर. हे दर वर्षी बघतो आणि दर वर्षी पोटात तुटतं.

म्हणून एखाद्या खेळाची पुस्तकं किती वेगानं यावीत, हा प्रश्न माझ्यासाठी नुसता हौसेचा नाही. आणि डंजन्स अँड ड्रॅगन्सइतकं या प्रश्नाचं उत्तर वेगवेगळ्या प्रकारे देऊन पाहिलेला दुसरा खेळ मला माहीत नाही.

सुरुवात अगदी संथ होती. जानेवारी १९७४ मध्ये अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातल्या लेक जिनिव्हा या गावातून गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा हा खेळ टीएसआर नावाच्या नवख्या कंपनीनं बाजारात आणला. पहिली आवृत्ती १००० प्रतींची. खोक्यात तीन पातळ पुस्तिका, किंमत १० डॉलर, आणि खोकी माणसांनी हातानं भरलेली. पुढे 'अ‍ॅडव्हान्स्ड' नावानं खेळ मोठा झाला तेव्हा त्याची तीन मुख्य पुस्तकं वर्षाला एक अशी आली: राक्षसांचं १९७७ मध्ये, खेळाडूंचं १९७८ मध्ये, डीएमचं १९७९ मध्ये. आज हे सांगितलं तर आमच्या टेबलावरच्या तरुण पोरांना खरं वाटत नाही. पण लोक थांबले नाहीत. हातात होतं तेवढं घेऊन खेळत राहिले, राहिलेलं स्वतः रचत गेले, आणि या खेळाची खरी गंमत तिथेच तयार झाली असं माझं ठाम मत आहे.

त्या काळातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट फाशांची आहे. १९७९ मध्ये खेळ एवढा खपायला लागला की बहुपैलू फासे पुरेनात. मग खोक्यात फाशांऐवजी आकडे छापलेले पुठ्ठ्याचे तुकडे घातले गेले. ते एखाद्या कपात टाकायचे, हलवायचे आणि न बघता एक उचलायचा. १९८१ च्या बेसिक सेटमध्ये फासे होते, पण त्यांच्यावरचे आकडे नुसतेच कोरलेले. सोबत एक मेणखडू. तो आकड्यांवर घासायचा, जास्तीचं मेण फडक्यानं पुसायचं, मग आकडा वाचता येणार. असा एक फासा माझ्याकडे आहे. माझ्या एका परिचितांचे वडील १९८० च्या दशकात शिकायला अमेरिकेत होते, त्यांच्या पेटीतून निघाला. वीस पैलूंचा, फिकट निळा, कडा झिजून गोल झालेल्या, आणि खाचांमध्ये अजून पांढरं मेण. एका पैलूवर खडू घसरलाय, तिथे रेघ बाहेर गेलीय. कोणीतरी तो घाईनं रंगवला असणार, दुसरे वाट बघत असणार. हा फासा मी टाकत नाही, पण दर शनिवारी टेबलावर ठेवतो.

१९८३ मध्ये ट्रेसी आणि लॉरा हिकमन या दांपत्याची 'रेव्हनलॉफ्ट' नावाची मोहीम आली. बॅरोव्हिया नावाची धुक्यानं वेढलेली दरी, डोंगराच्या कड्यावरचा वाडा, त्यात स्ट्राड नावाचा रक्तपिपासू सरदार. पानं किती? बत्तीस.

हा आकडा आमच्या धंद्यातल्या माणसाला लगेच कळतो. मोठ्या कागदावर पुढे आठ, मागे आठ पानं छापायची, कागदाला तीन घड्या घातल्या की १६ पानांचा एक फॉर्म होतो. बत्तीस पानं म्हणजे दोन फॉर्म. एकात एक घालायचे, मधोमध दोन पिना मारायच्या, वर कव्हर. सेंटर पिनचं काम. ना शिलाई, ना सरस, ना वाळायची वाट. सकाळी मशीनवर चढवलेलं संध्याकाळी दुकानात पाठवता येतं. एवढ्याशा कागदात मावलेली गोष्ट ४० वर्षं लोक खेळताहेत.

आणि मग १९९० चं दशक आलं.

टीएसआरकडे तोवर बऱ्याच दुनिया, म्हणजे मोहिमा जिथे घडतात ती काल्पनिक जगं, झाल्या होत्या, आणि त्या वाढतच गेल्या. ड्रॅगनलान्स, फर्गॉटन रेल्म्स, स्पेलजॅमर होत्याच. १९९० मध्ये रेव्हनलॉफ्टचीही एक अख्खी दुनिया झाली, १९९१ मध्ये डार्क सन, १९९२ मध्ये अल-कादिम, १९९४ मध्ये प्लेनस्केप, १९९५ मध्ये बर्थराइट. प्रत्येकीचा बॉक्स सेट, प्रत्येकीच्या पुरवण्या, मोहिमा, कादंबऱ्या. यातल्या काही दुनिया विलक्षण सुंदर आहेत. प्लेनस्केपची चित्रं मी आजही तासन् तास बघू शकतो. पण डार्क सन खेळणारं टेबल प्लेनस्केप घेईलच असं नाही, आणि बर्थराइटवाल्यांना अल-कादिमचं काय? खेळणारे तेवढेच, त्यांच्या वाटण्या मात्र पाच-सात. छापखान्याच्या भाषेत सांगायचं तर दहा हजारांची एक ऑर्डर मोडून दीड-दीड हजारांच्या सात ऑर्डरी केल्या. प्लेटा सात वेळा, मशीन लावणं सात वेळा, कागदाची नासाडी सात वेळा. प्रतीमागचा खर्च वर जातो, आणि किंमत तर तेवढी वाढवता येत नाही. त्यात बॉक्स सेट. खोका हे हातकाम आहे. पुठ्ठा कापा, कोपरे डकवा, कागद चढवा, आत नकाशे, पत्ते, पुस्तिका मोजून भरा. टीएसआरचे काही बॉक्स सेट बनवायच्या खर्चाहून कमी किमतीला विकले जात होते, हे नंतर कंपनी विकत घेणाऱ्यांना हिशेब तपासताना दिसलं. मला त्यात नवल वाटलं नाही. चांगली कल्पना सुचलेल्या माणसाला खोक्याचा हिशेब कोणी सांगितला नाही तर असंच होतं.

पण एवढी पुस्तकं काढायची घाई कशासाठी होती? मी बरीच वर्षं समजत होतो की हाव. कारण त्याहून गुंतागुंतीचं आहे. टीएसआरची पुस्तकं अमेरिकेतल्या पुस्तकांच्या दुकानांत रँडम हाउस या मोठ्या प्रकाशनसंस्थेमार्फत जायची, आणि माल पोचवला की विक्रीची वाट न बघता टीएसआरला आगाऊ रक्कम मिळायची. म्हणजे पुस्तक छापून पाठवलं की हातात रोख. विकलं गेलं नाही तर ते परत येणार आणि तेवढी रक्कम अंगावर, पण ते पुढे कधीतरी. तोवर आणखी एक पुस्तक छापून पाठवायचं. हे दुष्टचक्र मी ओळखतो. मागच्या अंकाच्या परतीचे पैसे पुढच्या अंकाच्या जाहिरातींतून फेडणारे संपादक आमच्या दारात येऊन बसलेले मी पाहिलेत. भली माणसं, मराठीवर जीव टाकणारी, पण एकदा त्या चक्रात पाय अडकला की अंक वाचकासाठी निघत नाही, कालच्या देण्यासाठी निघतो.

१९९५ मध्ये ड्रॅगन डाइस नावाचा फासे जमवायचा खेळ टीएसआरनं काढला. सुरुवातीला तो धडाक्यात गेला, म्हणून मागोमाग भरमसाट माल बनवला, आणि तो पडून राहिला. १९९६ मध्ये रँडम हाउसकडून परतीचा लोंढा सुरू झाला. देणी तीन कोटी डॉलरच्या वर गेली. छापखान्याची बिलं थकली, आणि छापखान्यानं काम थांबवलं. इथे वाचताना मी नेहमी थबकतो. बहुतेक लेखांत तो छापखाना खलनायकासारखा येतो. मला मात्र तिथला फोरमन दिसतो, महिनाअखेरीला पोरांचे पगार करायचेत आणि समोर गोदामात न विकलेल्या राक्षसांचे पॅलेट्स रचलेत. १९९७ मध्ये विझर्ड्स ऑफ द कोस्ट या खेळांच्या कंपनीनं टीएसआर विकत घेतली, आणि १९९९ मध्ये हॅस्ब्रो या खेळण्यांच्या कंपनीनं विझर्ड्सला.

मधल्या दोन आवृत्त्यांवर मी फार बोलणार नाही, कारण त्या मी खेळलो नाही. तेव्हा जवळजवळ दर महिन्याला नवं पुस्तक यायचं, खेळाडूंसाठी नवे नियम, पात्रांचे नवे वर्ग, नव्या शक्ती, आणि सहा-आठ वर्षांत आवृत्तीच बदलायची, एवढं खरं.

मग २०१४. पाचवी आवृत्ती. ऑगस्टमध्ये खेळाडूंचं पुस्तक, सप्टेंबरमध्ये राक्षसांचं, डिसेंबरमध्ये डीएमचं. आणि त्याआधी जुलैमध्ये २० डॉलरला नवशिक्यांसाठीचा स्टार्टर सेट. मूळ नियम इंटरनेटवर फुकट. आणि नंतर वर्षाला जेमतेम तीन पुस्तकं. २०१५ मध्ये दोन मोहिमा आणि एक पुरवणी, २०१६ मध्ये तसंच, २०१७ मध्ये तसंच. अमेरिकेतले जुने खेळाडू तेव्हा कुरकुरत होते की एवढ्याशानं काय होतंय. आम्हाला मात्र हा वेग अंगाला बेतून शिवलेल्या सदऱ्यासारखा बसला. पुण्यात एक पुस्तक पडायचं तीन हजारांच्या वर. तेव्हा वर्षातून एकच, मी बोनसमधून घ्यायचं, आणि ते संपेपर्यंत दुसरं मनातही आणायचं नाही. न्यू जर्सीहून आलेल्या एका बहिणीच्या बॅगेतून आमचा स्टार्टर सेट आला, त्यातली ६४ पानांची मोहीम आम्हाला आठ महिने पुरली. चार फॉर्म, आठ महिने!

डिसेंबर २०१६ मध्ये 'कर्स ऑफ स्ट्राड' सुरू केलं. हे त्याच बत्तीस पानी रेव्हनलॉफ्टचं वाढवलेलं रूप, २५६ पानं, १६ फॉर्म. मार्च २०१८ मध्ये संपलं. ४३ सेशन. आमच्या क्लेरिकचं, म्हणजे पुरोहिताचं पात्र खेळणारीचं, मधल्या काळात लग्न झालं, फायटरची, म्हणजे योद्धा खेळणाऱ्याची, नोकरी गेली आणि दुसरी लागली, आणि शेवटच्या लढाईत स्ट्राडवर घाव घालताना त्यानं फासा टाकायच्या आधी टेबलाला हात लावून नमस्कार केला. त्या १५ महिन्यांत कंपनीनं आणखी तीन पुस्तकं काढली होती. ती आली नसती तरी आमचं काही अडलं नसतं.

पुढचं पुस्तक 'टूम ऑफ अ‍ॅनिहिलेशन'. ते जुलै २०१८ मध्ये आलं आणि भिजून आलं. कुरियरच्या माणसानं सोसायटीच्या गेटपाशी उघड्यावर खोकं ठेवलं आणि वरून पुण्याचा पाऊस. खालची तीन बोटं पानं चिंब. आर्ट पेपर भिजला की मोठा धोका असतो. वाळताना पानं एकमेकांना चिकटतात आणि मग सोडवायला गेलं की छपाईच उचलून येते. म्हणून ओलं आहे तेव्हाच काम करायचं. मी तसंच ते टॉवेलात गुंडाळून छापखान्यात नेलं. आमच्याकडे बाइंडिंगला तात्या आहेत, साठी उलटलेले. त्यांनी कण्याला बोट लावून बघितलं आणि म्हणाले, "शिवण शाबूत आहे. बटर पेपर आण." आम्ही दोघं बसलो. १२८ कागद, प्रत्येकामध्ये बटर पेपरचा एक तुकडा. पान उचलताना कोपऱ्यातून नाही, मधून, हाताचा तळवा खाली घालून. मग पुस्तक पंख्यासारखं उघडून उभं ठेवलं, खरोखरच्या पंख्यासमोर. दुसऱ्या दिवशी बटर पेपर बदलले. तिसऱ्या दिवशी पानं हाताला गार लागेनाशी झाली तेव्हा कोऱ्या न्यूजप्रिंटमध्ये घालून लाकडी शिकंज्यात दाबलं. नऊ दिवस.

पानं लावता लावता तात्यांनी विचारलं, "हे वाचतं कोण रे?"

"आम्ही पाच जण मिळून खेळतो, तात्या. एकेक पुस्तक दीड-दोन वर्षं चालतं."

तात्या जरा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "दोन वर्षं एकच पुस्तक? मग कण्याला आतून कापडाची पट्टी देऊ. असं नाही टिकायचं."

ती पट्टी अजून आहे. खालच्या कडेला पानं थोडी लाटेसारखी झालीत, पण एकही चिकटलेलं नाही. ती मोहीम लॉकडाऊनमुळे अर्धी पडद्यावर खेळावी लागली आणि नोव्हेंबर २०२० मध्ये संपली. माझ्या कपाटातलं सगळ्यात देखणं पुस्तक तेच.

आता मालाबद्दल. मर्चंडाइज हा शब्द आमच्या टेबलावर कोणी वापरत नाही, 'सामान' म्हणतात. 'दादा, सामान आणलंत का?' म्हणजे फासे, नकाशा, मिनी (पात्रांच्या आणि राक्षसांच्या छोट्या मूर्ती), पेन्सिली. या खेळाला सामान पहिल्यापासून चिकटलेलं आहे. १९८३ मध्ये अमेरिकेत त्याची कार्टून मालिका सुरू झाली, प्लॅस्टिकची बाहुली-सैनिक निघाले, टीएसआरनं तर भरतकामाचं सामान विकणारी एक कंपनीसुद्धा घेतली होती. अलीकडे २०२० मध्ये स्वयंपाकाचं पुस्तक निघालं, २०२३ मध्ये मोठा सिनेमा आला, २०२४ मध्ये ५० वर्षं झाली म्हणून अमेरिकेच्या टपाल खात्यानं तिकिटं काढली आणि लेगोनं ३७४५ तुकड्यांचा लाल ड्रॅगनचा किल्ला काढला, ३६० डॉलरचा. या सगळ्यावर मी रागावलेलो नाही. आमच्या आत्ताच्या टेबलावरचे दोघं जण २०२३ च्या 'बाल्डर्स गेट ३' या व्हिडिओ गेममुळे आले. त्याआधी 'स्ट्रेंजर थिंग्ज' बघून एक मुलगी आली होती. दारं जितकी जास्त तितकं चांगलं.

तरी माझी एक कसोटी आहे: सामान टेबलावर येतं का?

स्ट्राडच्या मोहिमेत सुरुवातीलाच एक भविष्य सांगणारी बाई पत्ते मांडते. टरोका नावाचे ५४ पत्ते. पाच पत्ते उलटायचे, आणि त्यावरून ठरतं की तीन मौल्यवान वस्तू कुठे दडल्यात, साथ कोण देणार आणि स्ट्राड शेवटी कुठे भेटणार. म्हणजे प्रत्येक टेबलाची मोहीम वेगळी होते. हे पत्ते वेगळे विकत मिळत, पण नसतील तर साध्या पत्त्यांचा कॅट कसा वापरायचा हे पुस्तकातच दिलेलं आहे. ही मला फार मोठ्या मनाची गोष्ट वाटते. आम्ही पहिल्यांदा घरातला रमीचाच कॅट वापरला, दिवे मालवून, समईच्या उजेडात. चौकटचा गोटू निघाला तेव्हा क्लेरिक काय दचकली होती. नंतर मी एका लग्नपत्रिकेच्या कामातून उरलेल्या ३०० जीएसएम कार्डावर आमचे स्वतःचे ५४ पत्ते छापले, चित्रं बायकोनं शाईनं काढली, कोपरे गोल करायच्या पंचनं एकेक कोपरा मारला. २१६ कोपरे. ते आजही दर मोहिमेच्या पहिल्या दिवशी निघतात. २०२० मध्ये कंपनीनं हीच मोहीम शवपेटीच्या आकाराच्या खोक्यात, पत्ते आणि पोस्टकार्डांसकट १०० डॉलरला काढली. खोका सुरेख आहे, बनवणाऱ्याला मी मनापासून दाद देतो. पत्ते टेबलावर येतील. शवपेटी कपाटावर राहील.

मिनींचं तसंच. आमच्याकडे लांडगे म्हणजे चिंचोके, सांगाडे म्हणजे सोंगट्या, आणि स्ट्राड म्हणजे बुद्धिबळातला काळा वजीर. वजीर टेबलावर ठेवला की खोली गप्प होते. बंद खोक्यात कोणत्या मिनी निघतील हे न सांगता विकायची पद्धत मला पटत नाही, कारण डीएमला पाच लांडगे हवे असतात आणि त्या आठवड्यात हवे असतात. नशिबावर सोडून चालत नाही.

डिसेंबर २०२२ मध्ये विझर्ड्सच्या तेव्हाच्या प्रमुख सिंथिया विल्यम्स गुंतवणूकदारांपुढे म्हणाल्या की या खेळातून जेवढा पैसा निघायला हवा तेवढा निघत नाही. कारणही सांगितलं: डीएम हे खेळणाऱ्यांत साधारण २० टक्के, पण बहुतेक खरेदी तेच करतात. तो हिशेब ऐकून खूप लोक चिडले. मला वाईट वाटलं, पण हिशेब चुकीचा नव्हता. आमच्या टेबलावर नऊ वर्षांत खेळाडूंनी मिळून विकत घेतलेली पुस्तकं शून्य. सगळे माझ्याच पुस्तकातून बघतात, आणि मी त्यांना घ्या म्हणालो नाही, म्हणणारही नाही. चहाच्या कपासारखं पुस्तक टेबलावर फिरावं असंच मला वाटतं. पण मग प्रकाशकानं जगायचं कसं, हा प्रश्न खराच आहे. जानेवारी २०२३ मध्ये विझर्ड्सनं इतर प्रकाशकांसाठीच्या जुन्या खुल्या परवान्याच्या अटी आवळायचा प्रयत्न केला, जगभरातून विरोध झाला, आणि २७ जानेवारीला माघार घेऊन नियमांचा गाभा क्रिएटिव्ह कॉमन्स या मुक्त परवान्याखाली कायमचा खुला करून टाकला. त्या रात्री आमच्या ग्रुपवर कोणीतरी पेढ्यांचा फोटो टाकला होता.

वेग जास्त म्हणजे वाईटच, असंही मी म्हणत नाही. पेझो नावाच्या दुसऱ्या कंपनीनं ऑगस्ट २००७ पासून 'पाथफाइंडर' नावाच्या मोहिमा दर महिन्याला काढल्या. ९६ पानं, सहा फॉर्म, सहा महिन्यांत सहा भाग मिळून एक सलग मोहीम. ही मासिकाची रीत आहे. वर्गणीदाराला माहीत असतं काय येणार आहे, कधी संपणार आहे, कुठे थांबायचं. किती प्रती लागणार हे छापणाऱ्यालाही आधी कळतं. अशा कामात परतीचे गठ्ठे कमी होतात, हे मी अनुभवानं सांगतो.

माझं मागणं साधं आहे. जाड पुस्तकं वर्षाला दोन पुरेत. २०२४ चं खेळाडूंचं पुस्तक ३८४ पानांचं आहे, २४ फॉर्म; चांगलं आहे, आमच्या रेंजरनं स्वतः विकत घेतलं, म्हणजे ते शून्य आता एक झालं. पण त्या दोन जाड पुस्तकांच्या मधे मला बत्तीस पानी मोहिमा परत हव्यात. सेंटर पिन, मधल्या पानावर नकाशा, हलक्या, टपालानं जातील अशा, कॉलेजच्या पोराला खिशातून घेता येतील अशा, सहा-सात सेशनमध्ये संपणाऱ्या. २०२२ चं 'जर्नीज थ्रू द रेडियंट सिटाडेल' आम्हाला एवढं का आवडलं? त्यात १३ छोट्या मोहिमा होत्या, १७ महिन्यांत सगळ्या खेळून झाल्या. मिमी मंडल यांनी बंगालच्या पाण्या-दलदलीतून उभी केलेली 'इन द मिस्ट्स ऑफ मणिवर्षा' खेळताना पहिल्यांदाच गावातल्या माणसांची नावं उच्चारताना कोणी अडखळलं नाही. ती एकटी मोहीम दोन फॉर्मांत सहज मावली असती, आणि तेवढीच हवी असलेल्या माणसाला तेवढीच घेता आली असती.

गेल्या पावसाळ्यात मी एक मोहीम लिहिली. घाटाखालचं गाव, तीन दिवस न थांबलेला पाऊस, देवळामागच्या टाक्याचं पाणी काळं होतंय आणि पुजारी कोणाला तिकडे जाऊ देत नाही. राक्षस आणि नियम क्रिएटिव्ह कॉमन्समधले, त्याची नोंद कव्हरच्या आत छापली आहे. मालकांनी एका दिनदर्शिकेच्या कामातून उरलेला कागद दिला आणि रविवारी मशीन वापरू दिलं. ४० प्रती. घड्या मी घातल्या, पिना तात्यांनी मारल्या. नकाशा बरोबर मधल्या पानावर यावा म्हणून दुसऱ्या फॉर्मची मांडणी दोनदा बदलावी लागली, आणि तरी पहिल्या सहा प्रतींत टाक्याच्या बरोबर मधोमध पिन आली. त्या सहा मी आमच्या टेबलासाठी ठेवल्यात.

तात्यांनी प्रतींच्या कडा कापल्या, एक प्रत उचलली, शेवटचं पान उघडलं.

"त्या टाक्यात काय आहे रे?"

"तात्या, शनिवारी या. सहा वाजता."